एक कमी बत्तीस

डॉक्टरांच्या कपाटात एकतीस लेन्स होत्या आणि सगळी अडचण तिथेच होती. पंचवीस असत्या किंवा चाळीस असत्या, तर माणूस गप्प बसला असता. पण दातांच्या डॉक्टरला एकतीस हा आकडा बघवत नाही. कपाटाचं काचेचं दार उघडलं की खालच्या कप्प्यात, उजव्या कोपऱ्यात, एक मोकळी जागा दिसायची. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जशी पुन्हा पुन्हा जाते, तशी डॉक्टरांची नजर त्या जागेवर जायची. बाकीच्या एकतीस लेन्स कशा रांगेत, चकचकीत, आणि तिथे तेवढं बोळकं.

ते बोळकं भरायची संधी शुक्रवारी फोनवरून चालून आली.

"डॉक्टर, तुम्ही म्हणत होतात ती सापडली बरं का," जुन्या लेन्सचा व्यापारी सांगत होता. "पितळी अंगाची. काचेवर एक ओरखडा नाही. पण सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवा. दुसरा एकजण मागे लागलाय."

हा 'दुसरा एकजण' आजवर प्रत्येक लेन्सच्या मागे लागलेला होता. तो कोण, कुठे राहतो, डॉक्टरांना काही ठाऊक नव्हतं. पण त्याच्याइतका राग त्यांना जगात फक्त आणखी एकाच माणसाचा यायचा. तो म्हणजे रस्त्यापलीकडच्या इमारतीत दवाखाना थाटून बसलेला दातांचा दुसरा डॉक्टर. त्याला नाव होतं, पण आमचे डॉक्टर त्याचा उल्लेख 'समोरचा' असा करत. समोरचा रविवारीसुद्धा दवाखाना उघडा ठेवतो, यावरूनच त्याची लायकी कळते, असं त्यांचं मत होतं.

लेन्स घ्यायची तर बायकोचा होकार लागणार होता. डॉक्टरीणबाई शाळेत गणित शिकवत. शाळेतल्यासारखंच घरीदारी सगळे त्यांना 'बाई' म्हणत. मागच्या दोन लेन्स डॉक्टरांनी रबरी हातमोज्यांच्या खोक्यातून चोरून घरात आणल्या होत्या. तिसऱ्यांदा बाईंनी खोकं जिन्यातच उघडलं. तेव्हापासून विचारल्याशिवाय कपाटात काच यायची नाही, असा तह झाला होता.

बाईंना विचारण्याआधी थोडी रंगीत तालीम करावी म्हणून डॉक्टरांनी पेशंटना विचारायला सुरुवात केली. ती त्यांची जुनी सवय होती. पेशंटचं तोंड उघडलं की डॉक्टरांचंही तोंड सुरू व्हायचं. त्या शनिवारी खुर्चीत एक निवृत्त न्यायाधीश आडवे झाले होते. तोंडात कापसाचे दोन बोळे, गालात लाळ ओढणारी नळी.

"साहेब, तुम्ही आयुष्यभर न्याय दिलात," डॉक्टर म्हणाले. "आता मला सांगा. एकतीस असताना बत्तिसावी घेणं हा काय गुन्हा आहे?"

"आं," न्यायाधीश म्हणाले.

"नाही ना?"

"आं आं!"

"तेच म्हणतो मी. इतकं सरळ आहे, पण घरच्यांना कळत नाही."

"डॉक्टर," सिस्टर मागून म्हणाल्या, "साहेबांना थुंकायचंय."

तरी न्यायालयाचा कौल आपल्या बाजूने लागला, अशा समाधानात डॉक्टर वरच्या मजल्यावर घरी गेले. पण तिथे बाईच त्यांची वाट बघत उभ्या होत्या.

बाई सोमवारपासून मुख्याध्यापिका होणार होत्या. त्या शाळेची एक पद्धत होती. ऑफिसबाहेरच्या लांब व्हरांड्यात आजवरच्या सगळ्या मुख्याध्यापकांचे फोटो ओळीने लावलेले होते आणि नव्याने येणाऱ्याने पहिल्याच दिवशी आपला फोटो आणून द्यायचा असे. एकदा टांगला की शाळा उभी आहे तोवर तो तिथेच. बाई त्या व्हरांड्यातून इतकी वर्षं ये-जा करत होत्या, आणि उगाच कशाला खोटं बोला, मनातल्या मनात त्यांनी आपली जागाही बघून ठेवली होती. कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन त्या फोटो काढूनही आल्या होत्या. त्यात त्यांचे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि मान अशी अवघडलेली, की पोलिसांनी धरून बसवल्यासारखी.

"हा लावला तर पोरं म्हणतील, बाईंना आत टाकलं," बाई म्हणाल्या. "आपल्या घरात एकतीस लेन्स आहेत. माझा एक बरा फोटो काढून ठेवला असेल ना तुम्ही? तेवढा द्या."

डॉक्टर कॉम्प्युटरसमोर बसले आणि त्यांना दरदरून घाम फुटला. फोटो हजारो होते. पण प्रत्येक फोटो टाकीचा होता. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची एक जुनी लोखंडी टाकी होती. नवी लेन्स आली की रविवारी गॅलरीत उभं राहायचं आणि त्या टाकीचे फोटो काढून लेन्सची धार पारखायची, हा डॉक्टरांचा नेम. सकाळची टाकी, दुपारची टाकी, टाकीवरचा गंज, टाकीवरचा कावळा. कावळ्याचे सात फोटो सापडले. बायकोचा एक नाही.

कुणीही इथे शरमेने मान खाली घातली असती. डॉक्टरांनीही घातली, पण खाली घातलेल्या डोक्यातच त्यांना कल्पना सुचली.

"अगं, माणसाचा फोटो म्हणजे टाकीचा फोटो नव्हे," ते म्हणाले. "चेहऱ्याला वेगळी लेन्स लागते. जुनी, पितळी अंगाची. आता योगायोग बघ, कालच एकाचा फोन आला होता..."

"योगायोग," बाई म्हणाल्या.

"न्यायाधीशसाहेबसुद्धा म्हणाले, घ्यायला हरकत नाही."

"तोंडात कापूस होता का त्यांच्या?"

डॉक्टर कावळ्याचा फोटो मोठा करून बघू लागले.

"बरं," बाई म्हणाल्या. "उद्या रविवार आहे. आहेत त्यातली कुठलीही लेन्स घ्या आणि माझा फोटो काढून दाखवा. मग बत्तिसावीचं बोलू."

डॉक्टर खूष झाले. हात धुवायला गेले आणि अर्धे साबणाचे हात घेऊन परत आले. "एक मिनिट. फोटो चांगला आला, तर तू म्हणणार, आहेत त्या लेन्स पुरतात. नवी कशाला?"

"हो."

"आणि वाईट आला, तर म्हणणार, ज्याला एकतीस लेन्सने फोटो जमत नाही, त्याला बत्तिसावी कशाला?"

"अगदी बरोबर," बाई कौतुकाने म्हणाल्या. "वर्गात हे समजावून सांगायला मला अख्खा तास लागतो."

रविवारी सकाळी घराचा कारखाना झाला. उजेड हवा म्हणून पडदे उतरले. पडदे उतरल्यावर उजेड जास्त झाला, म्हणून दिवाणखान्यातला सोफा ओढत गॅलरीत नेला आणि उभा करून उन्हाच्या आड लावला. मग उजेड कमी पडला. तेव्हा टेबलावरचा दिवा आणला, त्याचा प्रकाश कडक वाटला म्हणून त्यावर उशीचा अभ्रा चढवला, आणि थोड्या वेळाने घरात कसला तरी वास सुटला. अभ्रा करपला होता. बाई स्वयंपाकघरातून आणलेल्या स्टुलावर पाठ ताठ करून बसल्या होत्या आणि डॉक्टर एकामागून एक लेन्स काढत, पुसत, फुंकत, लावत आणि परत ठेवत होते.

"हस बघू," डॉक्टर म्हणाले. "नको, इतकं नको. थोडं तोंड उघड. अजून. मान मागे. जीभ आत घे."

"मी फोटोला बसलेय की दाढ काढायला?"

"बोलू नकोस. आता डावीकडे वळ. दुखलं तर हात वर कर."

बाईंनी लगेच हात वर केला. डॉक्टरांचं लक्ष नव्हतं.

दुपार झाली तेव्हा बाईंचा पाठीचा कणा आणि चेहऱ्यावरचं हसू, दोन्ही मोडायला आलं होतं. डॉक्टरांनी शेवटची लेन्स काढून कपाटात ठेवली आणि कॅमेऱ्यात धूळ जाऊ नये म्हणून नेहमीप्रमाणे त्यावर झाकण बसवलं. झाकण म्हणजे खरं तर एक प्लास्टिकची हलकी लेन्स होती. कॅमेरा घेतला तेव्हा त्याच्याबरोबर फुकट आलेली. डॉक्टर तिला लेन्स मानत नसत, मोजत तर त्याहून नसत. ती कॅमेऱ्याच्या तोंडावर बसून धूळ खायची, एवढंच तिचं काम.

मग दोघं कॉम्प्युटरसमोर बसली. पहिल्या फोटोत बाईंचा कान उत्तम आला होता. दुसऱ्यात मागची भिंत. त्यापुढच्या सगळ्या फोटोंत मात्र एक विलक्षण सातत्य होतं. डोळे धूसर, नाक धूसर, केस धुक्यात गेलेले. आणि मधोमध दात. इतके स्वच्छ, इतके धारदार, की एकेक मोजून घ्यावा.

"अहो, हे काय?" बाई म्हणाल्या. "माणसाच्या फोटोत डोळ्यांवर नेम धरतात ना?"

"माझा हात आपोआप तिथे जातो," डॉक्टर हताशपणे म्हणाले. "सवय आहे गं."

"हे व्हरांड्यात लावलं तर पोरं शाळेत पाऊल टाकायची नाहीत. वाटेल, बाई चावतात."

डॉक्टर उत्तर देणार होते, पण त्यांची नजर पडद्यावर खिळली. त्यांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. सगळा पडदा एका दाढेने भरला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला.

"ही दाढ कुणी भरली?"

"कुठली?" बाई पटकन म्हणाल्या.

"खालची. डावीकडची."

"तुम्हीच भरली असेल कधीतरी."

"मी माझं काम अंधारात ओळखीन. हे माझं काम नाही." कपाटात परक्या पुरुषाचा कोट सापडला असता, तरी डॉक्टरांचा आवाज इतका कापला नसता. "कोण आहे तो?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. तेवढं पुरेसं होतं.

"समोरचा!" डॉक्टर उठले, दोन पावलं मागे सरले आणि मटकन सोफ्यावर बसले. पण सोफा गॅलरीत होता. ते जमिनीवर बसले आणि बसूनच राहिले.

"लागलं का हो?"

"माझी बायको! दातांच्या डॉक्टरची बायको! आणि समोरच्याकडे! सगळ्या गावात हसं झालं असेल माझं."

"कुणाला माहीत नाही. आणि चोराच्या उलट्या बोंबा नकोत," बाई म्हणाल्या. आता त्यांचाही बांध फुटला. "आधी तुमच्याकडेच आले होते मी. खाली दवाखान्यात. खुर्चीत बसले, तोंड उघडलं, तुम्ही कापूस भरलात आणि विचारलंत, अठ्ठाविसावी लेन्स घेऊ का? मी 'आं' केलं. दाढ ठणकत होती म्हणून केलं. तुम्ही म्हणालात, वा, तू हो म्हणशील असं वाटलं नव्हतं! आणि फोन लावायला बाहेर गेलात."

"मग?"

"मग काय? परत आलात ते उड्या मारतच. मला कशाला बसवलंय हेच विसरलात. म्हणालात, चल, चहा घेऊ. मी कापूस काढला आणि चहा घेतला. डावीकडून नाही, उजवीकडून."

डॉक्टरांना ती लेन्स आठवली. तो फोन आठवला. चहासुद्धा आठवला. दाढ काही केल्या आठवेना. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण इथे तर पिकवणाऱ्यानेच गिऱ्हाईक उपाशी परत पाठवलं होतं.

"तो समोरचा एक शब्द बोलत नाही," बाई म्हणाल्या. "तोंड उघडा, तोंड मिटा, संपलं. काय शांत वाटलं म्हणून सांगू! आणि लपवायचं नव्हतं मला. नवी लेन्स आली त्याच रविवारी गेले मी. त्याच्या पायऱ्या चढताना मागे वळून वर बघितलं तर तुम्ही गॅलरीत, कॅमेरा माझ्याकडेच रोखलेला. म्हटलं, झालं, पकडले गेले. हात केला मी तुम्हाला."

डॉक्टर जमिनीवरून उठले आणि न बोलता कॉम्प्युटरवर अठ्ठाविसाव्या लेन्सचे फोटो शोधू लागले. टाकी. टाकी. कावळा. आणि मग टाकीचा एक मोठा फोटो. त्याच्या खालच्या कोपऱ्यात समोरच्याची पाटी, पाटीखाली तीन पायऱ्या आणि पायरीवर एक बाई. एका हाताने गालावर रुमाल धरलेला, दुसरा हात वर केलेला. सरळ कॅमेऱ्याकडे बघून ती हसत होती, सुजलेल्या गालाने जमेल तेवढं.

हा फोटो डॉक्टरांनी कितीदा तरी मोठा करून पाहिला होता. टाकीवरचा गंज पाहिला होता, नळाचे आटे पाहिले होते. लेन्सची धार चारी कोपऱ्यांत सारखी आहे, म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. त्या कोपऱ्यात बायको होती. डॉक्टरांना फार वाईट वाटलं. असं वाईट त्यांना एखादी लेन्स हातची गेल्यावरही वाटलं नव्हतं.

"हात केला होतास," ते हळूच म्हणाले.

"केला होता."

"आणि मी टाकी बघत होतो."

"टाकीच बघत होतात."

डॉक्टर पुन्हा जमिनीवर जाऊन बसले. बाईंना वाटलं, जरा जास्तच बोललो आपण. त्या काहीतरी समजुतीचं बोलणार, एवढ्यात डॉक्टरांनी मान वर केली.

"भराव जरा उंच झालाय," ते म्हणाले. "चावताना टोचत असेल."

"अजिबात टोचत नाही."

"थोडं तरी?"

"नाही हो."

"थंड पाणी प्यालं की?"

"काही होत नाही."

"काहीतरी होऊ दे गं!" डॉक्टर कळवळून म्हणाले. "माझ्या समाधानासाठी!"

बाईंना हसू आवरेना. पडदे उतरलेल्या, करपलेल्या अभ्र्याच्या वासाने भरलेल्या त्या खोलीत, जमिनीवर फतकल मारून बसलेला, बायकोच्या दाढेत कळ यावी म्हणून विनवण्या करणारा नवरा बघून त्या पोट धरधरून हसत सुटल्या. डोळ्यांत पाणी आलं, केस विस्कटले, स्टूल डगमगलं. डॉक्टरांच्या शेजारी जमिनीवरच कॅमेरा पडला होता. तो कधी उचलला आणि कधी बटण दाबलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

दोघांनी फोटो पाहिला. बाईंच्या डोळ्यांत हसू होतं, डोळे स्पष्ट होते, आणि दात असायला हवे तेवढेच होते.

"हाच द्यायचा," बाई म्हणाल्या. "कुठल्या लेन्सने काढलात?"

डॉक्टरांनी कॅमेरा फिरवून पाहिला. "कुठल्याच नाही. झाकण लावलंय."

"झाकणातून फोटो येतो?"

"म्हणजे तशी ती लेन्स आहे. पण मोजत नाही आपण तिला."

"का?"

डॉक्टरांनी झाकणावरची धूळ पुसली. बाई स्टुलावरून उतरल्या आणि कपाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या. फळ्यासमोर उभ्या राहतात तशाच.

"कपाटात किती?"

"एकतीस."

"अधिक एक?"

डॉक्टरांनी मागच्या बाकावरच्या मुलासारखी मान खाली घातली. "बत्तीस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. सोमवारी संध्याकाळी डॉक्टरांनी व्यापाऱ्याला फोन करून लेन्स नको म्हणून सांगितलं. पलीकडे इतका वेळ शांतता पसरली, की 'दुसरा एकजण' खरंच आहे की नाही, याची डॉक्टरांना पहिल्यांदाच शंका आली. मग त्यांनी कपाटातल्या मोकळ्या कोपऱ्यात झाकण ठेवलं. ते तिथे मुळीच शोभत नव्हतं. पण अक्कलदाढ तरी कुठे शोभते?

शाळेच्या व्हरांड्यात सगळे जुने मुख्याध्यापक नापास मुलांकडे बघावं तसे बघत होते. त्या ओळीच्या टोकाला विस्कटलेल्या केसांच्या बाई खदखदून हसत होत्या. संस्थेच्या अध्यक्षांनी फोटो थोडा गंभीर हवा होता, असं सुचवून पाहिलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि खिळा त्यांच्यासमोरच ठोकून घेतला. डॉक्टर फोटो बघायला म्हणून गेले ते बराच वेळ व्हरांड्यात रेंगाळले. शेवटी शिपायाने विचारलं, पालक का?

पुढे एके दिवशी दवाखाना रिकामा असताना बाई आपण होऊन खाली आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"दाढ बघा माझी," त्या म्हणाल्या. "पण एक अट आहे. तोंडातून शब्द काढायचा नाही."

डॉक्टरांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी दिवा खाली ओढला, आरसा घेतला, आणि खरोखरच एक शब्द बोलले नाहीत. वरचे दात झाले, खालची उजवी बाजू झाली. दवाखान्यात इतकी शांतता कधी नव्हती. सिस्टर दोनदा आत डोकावून गेल्या. "डॉक्टर, बरं वाटतंय ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

शेवटी त्यांचं बोट खालच्या डाव्या दाढेवर आलं. बाईंचं तोंड पूर्ण उघडं होतं. डॉक्टरांनी दाढ चाचपली, भराव चाचपला. मनाला आवर घालायचा त्यांनी प्रयत्न केला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

"अगं, एकच बोलतो," ते हळूच म्हणाले. "बत्तीस झाल्या, माझं काही म्हणणं नाही. पण बत्तीस हे मोठ्या माणसाचं झालं. दुधाचे दात वेगळे असतात. वीस."

"आं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे हो?"

बाईंनी तोंड मिटलं.

ओरडण्याचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. समोरचा खिडकीत येऊन बघू लागला. सिस्टर धावत पट्टी घेऊन आल्या. डॉक्टरांनी दुखरं बोट दिव्याखाली धरलं आणि त्यावर उमटलेला दाढेचा ठसा नीट निरखून पाहिला. कितीही जिवावर आलं, तरी खोटं बोलणं त्यांच्या पेशात बसत नव्हतं.

"काम चोख आहे त्याचं," ते कण्हत म्हणाले.

बाईंनी शांतपणे चूळ भरली, रुमालाने ओठ टिपले.

"सांगत होते ना," त्या म्हणाल्या, "चावताना अजिबात टोचत नाही."